ओढ्याला दिलेले नाव

सावळदऱ्याच्या खोऱ्यात पाहुण्याने समोरच्या डोंगराकडे बोट करून त्याचे नाव विचारले, तर कोणी सांगत नाही. प्रश्न ऐकू आलेला असतो. माणूस हसतो, खांद्यावरचे घोंगडे सारखे करतो आणि म्हणतो, "चला, जाऊ." डोंगर दोन कोसांवर असला तरी तो पाहुण्याला तिथवर नेतो, माथ्यावर उभे करतो, घोटभर पाणी पाजतो आणि मगच पायाखालच्या दगडाकडे बघत नाव सांगतो. घाईतल्या पाहुण्यांना हा आगाऊपणा वाटतो. मागे एक जण रागावून तसाच परत गेला. त्याला डोंगराचे नाव अजून कळलेले नाही आणि डोंगराचेही त्यावाचून काही अडलेले नाही.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला पठार आहे, पठारावर गवळी धनगरांची बारा घरे आणि घरांच्या खालून जाणारा एक ओढा. आजूबाजूचे सगळे ओढे होळी सरली की सुकतात. हा मात्र वैशाखातही बोटभर धारेने वाहत असतो. वर तळे नाही, दाट झाडी नाही, मग पाणी येते कुठून, हे बघायला शिकलेली माणसेही येऊन गेली. ती दगड बघतात, माती चोळून बघतात, बाटलीत पाणी भरून नेतात. धनगरवाड्यावरचे कोंडिबा मरगळे त्यांना आडकाठी करत नाहीत. काठावर जांभळाखाली सपाट कातळ आहे, तिथे त्यांना बसवतात, ताक देतात आणि ही गोष्ट सांगतात. ही गोष्ट इथेच सांगायची, दुसरीकडे तोंडातून काढायची नाही. ती कागदावर मात्र उतरवता येते. तशी एक जुनी सवलत आहे आणि ती कशी मिळाली तेही गोष्टीतच आहे.

कुंपणी सरकारचा अंमल नवा होता तेव्हाची हकिकत, असे सांगतात. साल कोणाला ठाऊक नाही. कोंडिबांच्या पणज्याचा आजा तेव्हा रांगत होता, एवढे मात्र पक्के. त्या काळीही खोऱ्यात हाच नेम होता, की जागेचे नाव जागेवर उभे राहूनच घ्यायचे. लांबून नाव घेतले, की जागेला वाटते आपल्याला बोलावले, आणि ती उठून येते. एका सासुरवाशिणीने म्हणे जात्यावर बसून माहेरच्या ओढ्याचे नाव ओवीत गुंफले. तिसऱ्या दिवशी सासरच्या अंगणात पाणी फुटले आणि माहेरच्या ओढ्यात धूळ उडाली. माहेरची माणसे हंडे घेऊन भांडायला आली. सगळे कडाकडा बोलले, पण आलेले पाणी परत कसे पाठवायचे ते कोणालाच येत नव्हते. तेव्हापासून लोक फारच जपून राहू लागले.

अशा गावात एके चैत्रात भिकाजीपंत पोंक्षे नावाचे कारकून आले. सरकारने त्यांना डोंगरांची आणि ओढ्यांची नावे लिहून आणायला पाठवले होते. माणूस चौकस होता. नवीन गावात गेला की आधी विहिरीत डोकावून बघायचा, अशी त्याची खोड. पण अंगाने नाजूक आणि पायांत शहरी जोडे, म्हणून त्यांनी चावडीत बैठक मांडली आणि तिथूनच एकेका डोंगराकडे बोट दाखवून विचारायला सुरुवात केली. पाटलाने हात जोडून सांगितले, "त्याला नाव न्हाई जी." दुसऱ्याला? त्यालाही नव्हते. पलीकडच्या ओढ्याला? वढ्याला कोन नाव ठिवतंय, असे पाटील म्हणाला आणि बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भिकाजीपंतांनी नवल करत प्रत्येकापुढे 'बेनाव' असे लिहिले. एवढ्या डोंगरांत राहून एकालाही नाव नाही, ही माणसे गुरे हरवली तर शोधतात कशी, हा विचार त्यांच्या मनात आला होता. पण दुपार झाली होती आणि जेवण वाढून तयार होते.

गावाला वाटले, बरे झाले. नाव कोणी नेले नाही, डोंगर जागच्या जागी राहिले. हा आनंद आठ दिवस टिकला. मग खिंडीत साहेबाचे तंबू पडले आणि दवंडी आली. ज्या डोंगराला आणि ओढ्याला नाव नाही, त्यावर कोणाची वहिवाटही नाही, सबब ते रान सरकारात जमा होईल, तिथे गूर शिरले तर कोंडवाड्यात आणि माणूस शिरला तर चौकीत. नावे भरायची असतील तर साहेबाचा तळ उठायला चार दिवस आहेत.

पाटील धावत भिकाजीपंतांकडे गेला आणि त्याने खरे काय ते सांगून टाकले. भिकाजीपंत आधी हसले. मग वहीची पाने उलटली, प्रत्येक ओळीत बेनाव, बेनाव पाहिले आणि त्यांचे हसू गेले. आपण नीट न विचारता एवढ्या लोकांच्या चुलीत पाणी ओतले, हे त्यांच्या मनाला लागले. त्यांनी जोडे सोडून गावातल्या वहाणा घातल्या आणि म्हणाले, मला तिथे न्या. खालच्या अंगाच्या जागा पाटलाने एका दिवसात फिरवून दाखवल्या. वरच्या जागा मात्र गावातल्या कोणालाच नीट माहीत नव्हत्या. तिथे धनगरांच्या म्हशी चरायच्या, आणि त्या दिवसांत पुरुषमाणसे म्हशी घेऊन पाण्याच्या शोधात खाली कोकणाकडे उतरली होती. वाड्यावर बायका, पोरे, रेडके आणि घरापुरत्या दोनचार दुभत्या म्हशी तेवढ्या राहिल्या होत्या.

"वरलं समदं ठकूला ठावं," पाटील म्हणाला. हे सांगायला त्याने भिकाजीपंतांना पठारावर तिच्या दारात नेले, असे काही नव्हे. माणसाचे नाव कुठेही घेतलेले तेव्हा चालत असे. माणूस आपल्या पायाने हिंडतो, त्याला हाक मारली तर तो येईल आणि जाईल, म्हणून माणसाला तो नेम नव्हता.

ठकू मरगळे साठीच्या पुढची, काटक बाई. नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. मुलगे, सुना, नातवंडे सगळी होती. वाड्यावर ती कोणाची आई होती, कोणाची आत्याबाई, कोणाची चुलती आणि बहुतेकांची आजी. तिला ठकू म्हणून हाक मारणारे माणूस एकच उरले होते, तिची थोरली बहीण भागू. या दोघी सख्ख्या बहिणी एकाच मांडवात दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणून जावाही होत्या. त्यांचे पटायचे नाही. ताक आंबट झाले तरी भांडण, गोड राहिले तरी भांडण. भागूच्या डोळ्यांवर दहा वर्षांपासून पडदा आला होता, तिला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. त्यामुळे दिवसभर ती अंगणात बसून हाका मारायची. ठकू, रेडकू सुटलं का बघ. ठकू, चुलीवर काय जळतंय. सांज झाली की तिची एक लांब हाक पठारावर घुमायची, आणि ठकू कुठेही असली तरी तिथून ओ द्यायची. ओ दिली नाही तर म्हातारी चाचपडत कड्याकडे निघायची, ही धास्ती. वाड्यावरच्या पोरींना ती हाक इतकी सवयीची झाली होती, की त्यावर त्या दिवे लावायच्या.

भिकाजीपंतांचे म्हणणे ऐकून ठकूने आधी एकच गोष्ट विचारली. कागदावर गेलेले नाव बोलते का? भिकाजीपंतांनी जरा विचार केला. ते म्हणाले, लिहिलेले मुके असते, वाचणाऱ्याने तोंड उघडले तरच ते बोलते. मग कचेरीतल्या कोणी तोंड उघडले तर, असे तिने विचारले. तेव्हा भिकाजीपंतांनी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले, 'यातील नावे मनातल्या मनात वाचावीत.' ते तिला मोठ्याने वाचून दाखवले, कारण त्यात नाव एकही नव्हते. ठकूचे समाधान झाले. तीच ती सवलत. हे वाचणाऱ्यानेही तिच्यातली अट पाळावी, एवढी विनंती आहे.

मग तीन दिवस ही म्हातारी आणि हा कारकून रानोमाळ फिरले. पुढे काठी टेकत ठकू, मागे दऊत सांभाळत भिकाजीपंत. जागा आली की ती थांबायची, ओंजळभर पाणी किंवा चिमूटभर माती त्यांच्या हातावर द्यायची आणि नाव सांगायची. सांगण्याची घाई नाही. नाव कशावरून पडले तेही सांगायची. एका सुळक्याचे नाव एका हट्टी रेड्यावरून होते, जो वर चढला आणि पुन्हा उतरला नाही. एका झऱ्याचे नाव बाळंतिणीच्या पहिल्या आंघोळीवरून. एका टेकडीला नाव होते आणि त्या टेकडीच्या सावलीला वेगळे नाव होते, कारण सावलीत बसून दोन वाड्यांचा तंटा मिटला होता. ती नावे इथे सांगता येत नाहीत, तिथे जाऊन ऐकावी लागतात. भिकाजीपंत लिहिता लिहिता भान विसरत. सावलीचे नाव कोणत्या रकान्यात घालावे यावर त्यांनी अर्धी दुपार घालवली, असे कोंडिबा दरवेळी न चुकता सांगतात.

प्रत्येक दिवशी निघताना भिकाजीपंत विचारत, तुमच्या वाड्याखालचा हा ओढा राहिलाच की. ठकू म्हणायची, घरचाच आहे, जाता येता होईल, आधी लांबचे उरका. पंगतीत घरच्यांनी मागून बसायचे, तसे तिने आपल्या ओढ्याला मागे बसवले. पठारावरच्या माणसांना हेच शोभते आणि हेच त्यांना नडते.

मुदतीच्या चौथ्या, शेवटच्या दिवशी सकाळी दोघे वाड्यापासून दूर, खिंडीच्या बाजूच्या धारेवर होते. तिथली शेवटची जागा लिहून झाली, आता वाड्याकडे उतरायचे, एवढ्यात खालून पाटील धापा टाकत आला. साहेब संध्याकाळपर्यंत थांबणार नव्हता. उन्हे चढायच्या आत घाट उतरायचा म्हणून तंबू उतरवायला घेतले होते आणि वही आत्ताच्या आत्ता हवी होती. खिंड एका अंगाला, वाडा दुसऱ्या अंगाला. वाड्याकडे जाऊन यायचे तर दुपार कलली असती. भिकाजीपंतांनी ठकूकडे बघितले. ती खिंडीकडे चालू लागली.

साहेब माणूस वाईट नव्हता म्हणे. उन्हाने त्याच्या नाकाची सालटे निघाली होती आणि त्याला घरी जायचे होते. त्याने वही चाळली, नावे बघून मान डोलावली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. वाड्याखालचा ओढा, बेनाव. भिकाजीपंतांनी मुदत मागितली. साहेब म्हणाला, आता लिहा नाहीतर राहू द्या. तेवढे रान सरकारात जाईल, बाकी खोरे सुटले. आणि एक ध्यानात ठेवा. पावसाळा संपला की दुसरा अंमलदार येईल, प्रत्येक जागेवर उभा राहून तिथल्या लोकांना नाव विचारील. एकही नाव खोटे निघाले तर सगळी वही रद्द.

भिकाजीपंत ठकूला बाजूला घेऊन गेले. कानात सांग म्हणाले. ती म्हणाली, कानात सांगितले तरी ओढ्याला ऐकू जाईल. तो उठून या खिंडीत येईल आणि वाड्यावरची बारा घरे नऊ महिने पाणी कुठून आणतील? मग मीच काहीतरी लिहितो, असे भिकाजीपंत पुटपुटले आणि उचललेली लेखणी त्यांनी स्वतःच खाली ठेवली. खोटे नाव उद्या खोटेच निघणार आणि सगळ्या खोऱ्याला घेऊन बुडणार होते. न लिहावे, तर वाड्यालाच ओढ्याच्या काठावरून उठावे लागणार. तंबूचे खुंटे उपटल्याचे आवाज येत होते.

ठकू खिंडीतल्या दगडावर बसली. खोटे नसलेले नाव हवे होते आणि तेही याच जागेवर उभे राहून घेता येईल असे. सगळ्या रानातली नावे तिला पाठ होती, पण ती आपापल्या जागी होती. त्या खिंडीत, तिच्याबरोबर चालत आलेले, तिच्याजवळ असे एकच नाव होते.

"लिवा," ती म्हणाली. "ठकू."

"सांगणाराचे नाव मागाहून घालीन," भिकाजीपंत म्हणाले. "ओढ्याचे सांग."

"वढ्याचंच सांगत्ये. आजपासनं त्याचं नाव ठकू. सांजच्याला त्याच्याजवळ जाऊन त्याला बी सांगन."

भिकाजीपंतांची लेखणी थांबली. तीन दिवसांत त्यांना या माणसांचा नेम चांगला कळला होता. ओढ्याचे झालेले नाव पुन्हा दुसरीकडे कोणाला घेता येणार नाही. त्यांनी विचारले, मग तुला काय म्हणायचे? ठकू म्हणाली, म्हातारी झाले मी, आता मला कोण हाका मारते. हे तिने सहज म्हटले, पण म्हणताना तिला अंगणात बसलेली भागू दिसत होती. भिकाजीपंतांनी नाव लिहिले. साहेबाने वही मिटली आणि घाट उतरून गेला. त्या दिवशी भिकाजीपंतांनी तिच्या पायावर डोके ठेवले, असे काही जण सांगतात. कोंडिबा म्हणतात, ते मागून जोडलेले असावे, पण ठेवले असेल तर योग्यच केले.

ठकू वाड्यावर पोचली तेव्हा सांज होत आली होती. काठीचा आवाज ऐकून अंगणातून नेहमीची हाक आली. साठ वर्षांत पहिल्यांदा तिने ओ दिली नाही. ती भरभर पुढे गेली आणि भागूच्या तोंडावर हात ठेवला. मग तिचा हात धरून तिला ओढ्यात घेऊन आली. ओढा चैत्रातच आटला होता, पात्रात नुसती वाळू होती. ठकूने वाकून वाळूवर तळवा टेकला आणि ओढ्याला त्याचे नवे नाव सांगितले. जुने नाव तिने पुन्हा कधी घेतले नाही, एका ओढ्याला दोन हाका नकोत म्हणून. त्यानंतर तिने बहिणीला खिंडीत काय झाले ते सांगितले.

भागूने आधी आपला हात सोडवून घेतला. मग जे बोलली ते वाड्यावर आजही जसेच्या तसे सांगतात.

"तुजं व्हतं व्हय ते नाव? आयनं ठिवलं आन् हाका म्या मारल्या. तू तुजं नाव कवा घेतलंस? नाव तुजं आसंल, हाक माजी व्हती. मला इच्यारलंस का?"

रानाचा, गुरांचा, बारा घरांचा विचार ठकूने केला होता. भागूला वाईट वाटेल हेही तिला ठाऊक होते. पण आपण दुसऱ्याची वस्तू देऊन आलो, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. तिने बहिणीचे पाय धरायला हात पुढे केला. भागूने पाय मागे घेतले आणि चाचपडत घरी गेली.

त्यानंतर नऊ दिवस भागू बोलली नाही. अगं नाही, ए नाही, काहीच नाही. काही हवे असले तर पळी चुलीच्या दगडावर आपटायची. सांज झाली की पठारावर शुकशुकाट. पोरींना दिवे लावायचे भान राहीना, आणि ठकू उगाचच पुन्हापुन्हा अंगणात यायची. खोऱ्यात सगळीकडे गावची गुरे मोकळी चरत होती, लोक येता जाता तिला हात जोडत होते. पाटलाने नवे लुगडे पाठवले. ते तिने नेसलेही नाही.

दहाव्या दिवशी सांजेला भागू अंगणात दिसेना. सुना घाबरल्या, कड्याकडे धावल्या. इतक्यात खालून, ओढ्याच्या पात्रातून, पठारभर ऐकू जाईल अशी लांब हाक आली. "ठकूऽऽ!" म्हातारी भिंतीभिंतीने आणि पुढे दगडादगडाला हात लावत एकटी ओढ्यात उतरली होती. जिथे नाव घेता येते तिथे जाऊन उभी राहिली होती. ठकूच्या हातात दुधाची चरवी होती, ती तशीच खाली टेकवायला गेली आणि लवंडली. साठीची बाई उतारावरून पोरीसारखी धावली. धावता धावताच ओ देत होती. पात्रात दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि रडून झाल्यावर चरवी सांडली म्हणून भागू तिला बोलली.

तेव्हापासून रोजचा तोच परिपाठ झाला. सांजेला भागू ओढ्यात जायची आणि हाक मारायची, ठकू येऊन तिला हाताने वर न्यायची. बाकीचा दिवस नुसत्या अगं-तुगंवर आणि भांडणावर निघायचा. त्या वैशाखात एका सांजेला भागूच्या पायाला ओले लागले. तिने खाली हात लावला तर वाळू भिजलेली. दोन दिवसांनी तिथे पाणी झुळझुळ वाहू लागले. वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. लांबून घेतलेल्या नावाने जागा उठून येते, तर जवळ जाऊन रोज इतक्या मायेने मारलेल्या हाकेने पाणी वर का येणार नाही, असे वाड्यावरची माणसे म्हणतात. दगड-माती बघणारे यावर हसतात. कोंडिबा त्यांना आणखी थोडे ताक देतात.

पावसाळा संपल्यावर दुसरा अंमलदार आला. एकेका जागेवर उभा राहून विचारत फिरला. ओढ्याच्या काठी आला तेव्हा भागू तिथेच बसली होती. तिला विचारले, या ओढ्याचे नाव काय? तिने त्याला उत्तर दिले नाही. हाक मारली. वरच्या वाड्यावरून ओ आली. अंमलदाराला काही समजले नाही, पण वहीत होते तेच नाव ऐकू आले होते, म्हणून त्याने खूण केली आणि पुढे गेला. खोरे सुटले ते सुटलेच.

भागू थोरली, ती आधी गेली. तिला माती देऊन लोक परतले आणि तिसऱ्या दिवसाची सांज झाली. ठकू अंगणात, बहिणीच्या जागेवर बसली होती. आता जगात तिला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. मुलगे आई म्हणत, तेही बिचारे जवळ बसून होते. पण आईला नावाने हाक मारायची कशी? आणि सुनांचा तर प्रश्नच नव्हता. सासूचे नाव ओठावर आणले तर जीभ झडते, असे मानणाऱ्या त्या पोरी. ठकू ओढ्याकडे कान लावून होती. तिला माहीत होते, काही ऐकू येणार नाही. तरी कान तिकडेच होता.

थोरली सून यसू हंडा घेऊन पाण्याला गेली होती. तिने हंडा खाली ठेवला. बराच वेळ ती तशीच उभी होती, असे बरोबरच्या बायकांनी पुढे सांगितले. मग तिने पदर दातात धरला, सोडला, आणि सासूला एकेरी नावाने हाक मारली. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी बाहेर आली, पण कापरी. तिसरी मात्र पठारावर चढली.

अंगणातून ओ आली. ठकू उठली, काठी विसरली आणि रडत, यसूला शिव्या देत, उतरून आली. सुनेने मान खाली घातली होती. सासूने तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाक जरा लांबव बये. ती लांबवायची."

आजही या वाड्यावर नवी नवरी आली, की दुसऱ्या दिवशी सांजेला तिला ओढ्याच्या पात्रात उभी करतात आणि सासवांच्या, चुलत सासवांच्या समोर ती एकेरी हाक मारायला लावतात. पोरीचा आवाज पहिल्यांदा फुटत नाही. बायका हसतात, पण कोणी तिच्या वतीने हाक मारत नाही. पुढे ती हाक वाड्यावरच्या सुनांकडे पाळीपाळीने येते आणि एकही सांज चुकत नाही. वर अंगणात त्या वेळी वाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई बसलेली असते. तिचे स्वतःचे नाव काहीही असो. तिच्या बहिणी गेलेल्या असतात, मैत्रिणी गेलेल्या असतात, तिला नावाने ओळखणारे कोणी राहिलेले नसते. ओढ्याकडून हाक येते आणि ती ओ देते.